डोंगराला चालणारी गाडी

संस्थानच्या महाराजांना शिकारीसाठी नवी मोटार घ्यायची होती. जुनी मोटार दर ओढ्यात रुते आणि चाळीस कातकरी ती खांद्यावर उचलून पलीकडे नेत. गेल्या खेपेला वाटाड्या लहानूचा भाऊ तिच्याखाली चिरडून मेला होता.

महाराजांनी दोन मोटारींची चित्रं लहानूपुढे टाकली. "रानात यातली कोणती चालेल, सांग."

लहानूला आता जिवाची पर्वा उरली नव्हती. तो म्हणाला, "सरकार, मोटारीत आपण बसता आणि मोटार आमच्या खांद्यावर बसते. मग मधे लोखंड कशाला? आपणच खांद्यावर बसा."

महाराज ओशाळले. मोटार काही आली नाही.

पुढच्या शिकारीला डोली आली. बत्तीस माणसं सुटली, आठ लागली. पहिला खांदा लहानूने दिला.