दहावी गाय

“अय्या, हो की नाही, एवढंच सांगा.”

डॉक्टर नेर्लेकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

अय्या म्हणजे आमच्या मठाचे जंगम. ओढ्याकाठी मठ, मठामागं गोठा, गोठ्यात तीन गाई. त्यातली चन्नी त्या सकाळी आजारी निघाली. कासेचा एक भाग सुजून लाल झालेला, हात लावला तर चटका बसावा असा. आमच्याकडं याला दगडी म्हणतात. सुजलेली कास हाताला दगडासारखी लागते, म्हणून.

डॉक्टर मोठ्या कॉलेजातले. या दुखण्यात कासेच्या मांसात काय काय बदलतं, ते तीन वर्षं शोधत होते. जाड सुईनं मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा काढायचा, बर्फात घालून न्यायचा. नऊ गाईंचे तुकडे झाले होते. दहावा मिळाला की काम पुरं.

पण तुकडा हवा होता दुसऱ्या दिवशीचा, दुखणं मुरलेला. तोवर गाईला औषध द्यायचं नाही.

औषध त्यांच्याच पिशवीत होतं.

अय्या ऊन पाण्यात फडकं पिळून कास शेकत होते.

“उद्यापर्यंत थांबलं, तर सडाला काय होईल?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक काही नाही.”

“बहुतेक…”

“दहात एखाद्या गाईचा सड कायमचा आटतो.”

“आणि ही कितवी म्हणालात?”

डॉक्टर हसले, पण ओशाळून.

“अय्या, थट्टा नको. हे काम पुरं झालं तर साऱ्या गाईंना उपयोगी पडेल. एका सडाकडं बघत बसून कसं चालेल?”

“खरं हाय,” अय्या म्हणाले. मनापासून म्हणाले. “काय सापडलं, सांगा तरी.”

डॉक्टरांना तेच हवं होतं. ते दावणीला टेकून उभे राहिले.

“मांसात प्रथिनं असतात. शरीरातली कामकरी माणसंच म्हणा. दगडी झाली की दूध करणारी कमी होतात. दुसरीच वाढतात, जंतूंना अडवणारी, मारणारी. दोनशे बारा बदललेली सापडली मला. आमच्याकडं एवढं कुणी शोधलं नव्हतं.”

अय्या फडकं पिळत थांबले.

“म्हणजे गल्लीत आग लागली की बाया तव्यावरची भाकरी तशीच टाकून घागरी घेऊन धावतात. तसं?”

“तसंच!” डॉक्टर म्हणाले. “हे सांगायला मला चाळीस पानं लागली.”

“मग त्या दोनशे बारांत आग किती, आणि घागरी किती?”

“म्हणजे?”

“दुखण्यानं बिघडवलेली किती… आणि गाईनं जीव वाचवायला आपण होऊन बदललेली किती?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“सगळी मी एकाच मथळ्याखाली लिहिली आहेत.”

“काय मथळा?”

“…बिघाड.”

अय्यांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

“बरं, निदान बघू तर द्या,” म्हणत डॉक्टर चन्नीशेजारी उकिडवे बसले. पहिल्यांदा सुजलेलाच सड धरला. एक धार काढली. तळहातावर पिवळट पाणी आलं, त्यात दह्याच्या कवड्यांसारख्या गुठळ्या.

“वा! अगदी हवं तसं!”

आणि त्याच हातानं ते शेजारचा चांगला सड धरायला गेले, ताडून बघायला.

अय्यांनी त्यांचं मनगट धरलं.

“हात.”

डॉक्टर तिथंच थिजले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजारी सड सगळ्यांत शेवटी पिळायचा आणि मध्ये हात धुवायचे, असा छापील कागद गावोगावच्या गोठ्यांत लागलाय. त्या कागदावर खाली त्यांचंच नाव आहे.

“मला ठाऊक आहे हो अय्या…”

“ठाऊक हायच की.”

अय्यांच्या हाताखाली मी होतो; मी तांब्यानं पाणी घातलं. डॉक्टरांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग न सांगताच पहिल्यापासून बसले. चांगले तीन सड आधी पिळले. हात कसबी होता, धार घट्ट पडत होती. मग चौथ्याला हात घातला.

चन्नीच्या अंगावर शहारा आला. तिनं मागचा पाय उचलला.

डॉक्टर मागं सरले नाहीत, पण डोळे मिटले. आता लाथ बसणार.

पाय तसाच अधांतरी राहिला… आणि मग तिनं तो हळूच खाली ठेवला. डॉक्टरांचं पाऊल सोडून, पलीकडं.

“एवढं दुखतंय,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “मग मारत का नाही ही?”

“तुम्ही दुखणं काढायला बसलाय, असं तिला वाटतंय.”

…

डॉक्टरांनी पुन्हा धार काढायला घेतली. तीही धार कसली, थेंब थेंबच. डॉक्टर पिळत राहिले. गुठळ्या संपेपर्यंत, कास मोकळी होईपर्यंत. ते घाण दूध मी लांब खड्ड्यात ओतून आलो.

परत आलो तेव्हा डॉक्टरांची पिशवी उघडी होती. औषधाची नळी त्यांनी सडात रिकामी केली होती आणि खालून वर हलकं चोळत होते. सुईचा डबा बंदच होता.

“दहावी गाय आता शोधायला हवी,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे. “चार महिने तरी गेले.”

अय्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तसाच राहू दिला.

जाताना डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. उद्या आणि परवा ही नळी, दर वेळी आधी कास रिकामी करून. सांगेन तोवर दूध कुणाला द्यायचं नाही, वासरालाही नाही. मग गाडीला किक मारली, आणि पुन्हा बंद केली.

“अय्या, हिला परत दगडी झाली, तर मला लगेच कळवाल ना?”

“कळवीन की.”

अय्या थोडा वेळ चन्नीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले…

“आणि न्हाई झाली, तर कुणाला कळवू?”