खालच्या आळीतला पाइप

"बुवा, जे डोळ्यांना दिसत नाही, ते माणसानं शोधायचं कसं?"

मठाच्या पायरीवर बसलेल्या विश्रामबुवांनी मान वर केली.

"काय हरवलंय? देव?"

"नाही... पाइप."

विचारणारा इंजिनियर मकरंद ढवळीकर कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता.

ऊनवणी गावाच्या वरच्या अंगाला गरम पाण्याचा झरा आहे. चाळीस वर्षांपूर्वी ते पाणी जमिनीखालून, लोखंडी पाइपांतून खालच्या आळीत आणलं. आता पाइप गंजले. घरोघरी पोचेपर्यंत पाणी कोमट व्हायला लागलं. पाइप बदलायला ढवळीकर जिल्ह्याहून आला. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यापर्यंत बूट, हातात नकाशा.

पहिल्याच दिवशी बुवा म्हणाले होते, "आळीत कुणाला तरी विचारून बघ."

"नकाशा आहे ना, बुवा!"

नकाशाप्रमाणे तीन खड्डे झाले. पहिल्यात कातळ लागला. दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात पाइप सापडला, पण तो जानकीकाकूंच्या संडासाचा निघाला. आणि फुटला.

तेव्हापासून काकू रोज सकाळी दारात उभ्या राहून विचारायच्या, "साहेब, आज काय फोडताय?"

आज चौथा खड्डा. तोही कोरडा. वरिष्ठांचा फोन येऊन गेलेला. ढवळीकरला रडू फुटायचंच बाकी होतं.

"सांगा ना, बुवा..."

बुवा उठले. थंडी कडाक्याची होती, आणि ते अनवाणी. समोरच्या भिंतीलगत आळीतली सात-आठ कुत्री एकामागे एक, सरळ ओळीत झोपली होती. बुवांनी एका तांबड्या कुत्र्याला हळूच बाजूला सारलं आणि त्याच्या जागी मांडी घालून बसले. डोळे मिटले.

मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. बुवांची समाधी लागली म्हणून एकानं हातही जोडले.

ढवळीकर खड्ड्यातून वर आला. बूट काढून, नकाशा काखेत मारून, दोन कुत्र्यांच्या मध्ये बुवांसारखाच बसला.

बराच वेळ गेला...

"बुवा..."

"हं."

"बुवा, खालून ऊब येतेय!"

"हं."

"म्हणजे पाइप... पाइप इथं आहे!"

"हळू. कुत्री झोपलीत."

तिथं दीड हात खणल्यावर पाइप लागला. पुढच्या दहा दिवसांत आळीभर नवे पाइप पडले. जानकीकाकूंच्या न्हाणीत वाफाळतं पाणी आलं, त्यांचा संडासही दुरुस्त झाला. काकूंनी साहेबांना चहा पाजला.

निघायच्या दिवशी ढवळीकर नारळ घेऊन मठात आला आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"एक शब्द न बोलता तुम्ही मला उत्तर दिलंत. आता शिष्य करून घ्या."

"उत्तर कसलं?" बुवा म्हणाले. "माझे पाय गारठले होते... तुझे नव्हते?"