बांधाचं भोक

फार वर्षांपूर्वी खाडीचा बांध सगळ्या प्राण्यांच्या सामाईक मालकीचा होता. त्याला भोक पडलं आणि भरतीचं खारं पाणी बेडकीच्या गोड्या तळ्यात, तिच्या अंड्यांपर्यंत येऊ लागलं. बांधसमितीची सभा मात्र नेहमी ओहोटीला भरे.

"गळती दिसत नाही, बेडूकताई," अध्यक्ष बगळोबा दरवेळी म्हणत. चिटणीस कासवराव तसंच लिहून घेत.

शेवटी बेडकीने स्वतःच भोकात चिखल लिंपला.

"परवानगीशिवाय?" बगळोबा कडाडले. "काढा आधी!"

"काढते की. पण आजची सभा भरतीला भरवा," बेडकी हळूच म्हणाली.

भरती आली, समिती बांधावर जमली आणि बेडकीने चिखल काढला. पाण्याच्या ओढीने कासवराव घसरत गेले आणि भोकात घट्ट अडकले.

"ठराव मंजूर! मला बाहेर ओढा आणि भोकाला चिखल आणा, लवकर!" ते आतून ओरडले.

बेडकीने भोक नीट निरखलं. "पण कासवभाऊ, आता तर गळती दिसत नाही."