हौदाच्या तळाची वाळू

दिवस मोजायची कुणाला घाई नव्हती, अशा फार फार पूर्वीच्या काळातली ही गोष्ट आहे. एका राजवाड्याच्या आतल्या चौकात, उंच जोत्यावर, एक दगडी हौद बांधलेला होता. हौदाच्या तळाशी नदीची बारीक पांढरी वाळू अंथरलेली होती आणि वर चाळीस मासे फिरत असायचे. बरेचसे तांबूस, काही रुपेरी, एक अगदी काळाकुट्ट.

हे मासे थोरल्या महाराजांचे. राज्य मुलाच्या हाती सोपवल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नसत. रोज सकाळी मात्र काठी टेकत हौदापाशी येत, कठड्यावर बसत आणि कणकेच्या गोळ्या पाण्यात धरत. मासे त्यांच्या बोटांतून खाऊन जात. तेवढा वेळ त्यांचा चेहरा सैल होई.

हौदाची देखभाल आवडाबाईकडे होती. आधी तिचा नवरा हे काम करायचा. तो गेल्यावर तिने ते हाती घेतलं, त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली होती.

काम दिसायला सोपं होतं. मासे खातात, घाण करतात, उरलेली कणीक आणि कुजलेला पाला वाळूत जाऊन बसतो. आवडाबाई मांडीभर पाण्यात उतरायची, कमरेत वाकायची आणि बोटांनी वाळू हळूच ढवळायची. दुसऱ्या हातात वेळूची, मेण लावून जोडलेली लांब नळी. तिचं एक टोक वाळूच्या बोटभर वर धरायचं, दुसरं खालच्या बागेत सोडलेलं. पाण्याला ओढ लागली की हलका गाळ नळीतून निघून जाई आणि जड वाळू जागच्या जागी बसे. रोज हौदाचा एकच चौथा भाग. चार दिवसांत हौद पुरा व्हायचा आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सव्वीस वर्षांत ‘झालं एकदाचं’ असं म्हणायची वेळ काही तिच्यावर आली नव्हती.

थोरले महाराज तिला रोज एकच प्रश्न विचारत, “पाणी बरं आहे ना?”

“बरं आहे, महाराज,” ती म्हणे. त्यांचं बोलणं एवढंच.

वय होत गेलं. गुडघे पाण्यात उतरायला नको म्हणू लागले, आणि वाकलेली कंबर दुपारपर्यंत सरळ होईना. एकदा धीर करून ती कारभाऱ्यांकडे गेली. कारभारी मनाने वाईट नव्हते, पण त्यांच्यासमोर नेहमी दहा माणसं उभी असत.

“कारभारी, गुडघे फार दुखतात. हाताशी कुणी मिळालं तर...”

कारभाऱ्यांनी खिडकीतून हौदाकडे नजर टाकली. “पाणी तर कसं काचेसारखं नितळ आहे, आवडाबाई! तुमच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.”

आपलं कौतुक झालं की आपल्याला परत पाठवलं, हे तिला जिना उतरेपर्यंत कळलं नाही. पुन्हा मात्र ती कधी तिथे गेली नाही.

मग एका सकाळी तिला वाकताच येईना. ती नुसतीच पायरीवर बसून राहिली. थोरले महाराज आले, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिने पाण्याकडे पाहिलं. पाणी नितळच होतं.

“बरं आहे, महाराज.”

काहीच बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही आणि महिन्यानेही नाही. मग ती वरवरची पानं तेवढी जाळीने काढू लागली आणि तळहाताने वाळूचा वरचा थर सारखा करू लागली. वाळू पूर्वीसारखीच पांढरी दिसे. कुणी काही म्हणालं नाही. अंगाला आराम मिळाला, पण मनाला मिळाला नाही. रोज ‘बरं आहे’ म्हणताना तिची नजर महाराजांच्या काठीपाशीच थांबे.

असे सहा महिने गेले. एके दिवशी वाळूतून एक बुडबुडा वर आला आणि फुटला. नासक्या अंड्यासारखा वास सुटला. आवडाबाईने वाळूत बोट खुपसलं. बाहेर आलं ते काळं होऊन.

ती बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिली. सांगायला हवं होतं. पण आता सांगायचं म्हणजे सहा महिन्यांचं सगळंच सांगावं लागणार होतं, आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं. तळाशी कुजलेली वाळू एकदम उपसायची नसते, तिच्यात विष धरलेलं असतं, हे तिला नवऱ्याने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिला ते आठवलंही. पण शरमेपुढे ते टिकलं नाही. ‘उद्या महाराज यायच्या आत सगळा हौद साफ करून टाकते, म्हणजे मिटलं,’ असं तिने ठरवलं.

उजाडताच ती पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळू उलथीपालथी करत सुटली. गुडघ्यांचं दुखणं तिने मानलंच नाही. काळे लोट उसळले. नळीला ते आवरेनात. थोड्याच वेळात पाणी शाईसारखं झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मग एकेक करून आडवे पडू लागले.

“घागरी आणा!” ती ओरडली. “अरे, कुणीतरी घागरी आणा!”

पाणके धावले, कारभारी धावले. जे सापडले ते मासे ओंजळींनी ताज्या पाण्यात टाकले. थोरले महाराज आले तेव्हा चाळीसांपैकी अकरा जिवंत होते. काळा मासा त्यांत नव्हता.

महाराज कठड्यावर बसले.

“तू तर मला रोज बरं आहे म्हणायचीस,” ते म्हणाले.

आवडाबाई ओल्या लुगड्याने तशीच पाण्यात उभी होती. “पाणी बरं दिसत होतं, महाराज. मी बरी नव्हते. सहा महिने तळाला हात लावला नाही. वाकवत नव्हतं. चूक माझी आहे.”

“कुणाला सांगितलं होतंस?”

तेव्हा कारभारीच पुढे झाले. “मला सांगितलं होतं, महाराज. गुडघे दुखतात म्हणाली होती.”

“मग तुम्ही काय पाहिलंत?”

कारभाऱ्यांची मान खाली गेली. “मी पाणी पाहिलं.”

“मीही तेच विचारत राहिलो,” महाराज म्हणाले. “सव्वीस वर्षं पाण्याचीच चौकशी केली.” त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. “वर ये, बाई. किती वेळ उभी राहशील?”

शिक्षा कुणालाच झाली नाही. पण हौद काही एका दिवसात सुधारला नाही. काळी वाळू थोडी थोडी करून काढावी लागली, त्यात दोन महिने गेले. राजवाड्यातून दोन धडधाकट बायका कामाला दिल्या. आवडाबाई कठड्यावर बसून त्यांना शिकवायची, नळी किती वर धरायची आणि कुठे थांबायचं ते. कंबर अवघडली की कुणीही सांगावं आणि दुसरीने पाण्यात उतरावं, असा नियम तिने घातला. मेलेले मासे मात्र परत आले नाहीत. वाचलेले अकराही माणसाच्या हाताला घाबरू लागले. थोरले महाराज वर्षभर रोज पाण्यात बोटं धरून बसत, आणि कितीतरी दिवस हातातली कणीक तशीच विरघळून जाई.

बोध: दमलेल्या माणसाने दमलो आहे हे वेळेवर सांगावं, आणि ऐकणाऱ्याने ते पाणी नितळ असतानाच ऐकावं.