दोर धरणारा थोरला

एका डोंगरगावात मध काढणाऱ्यांचा एक नियम होता. दोराला लटकून कडा उतरणाऱ्याने वर दोर धरणाऱ्याच्या हातांकडे बघायचं नाही. दोर सख्खा भाऊच धरी, आणि त्याच्यावर संशय म्हणजे आईच्या दुधावर संशय. "असं का?" एवढं विचारलेलंही वडीलधाऱ्यांना खपत नसे.

तिथल्या एका घरात तीन भावंडं होती. थोरला दोर धरी, मधला उतरून मधाची पोळी कापी आणि पंधरा वर्षांची धाकटी माशा पळवायला खाली धूर करी.

पुढे थोरल्याला अफूचा नाद लागला. त्याचे हात थरथरू लागले, बोलता बोलता डोळे मिटू लागले.

आई त्याच्या भातावर जास्तीचं तूप वाढत म्हणे, "दमतो गं बिचारा."

"दमतो मी, आई. तो पेंगतो," मधला म्हणाला. तर बापाने मधल्यालाच झापलं.

थोरला झोपला की सारं घर दबक्या पावलांनी चाले. धाकटी तापाने फणफणली, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी थोरल्याच्या हातून दोर सुटला. मधला वाचला, पण कायमचा लुळा झाला. बापाने गावात सांगितलं, "माशा उठल्या, पोराचा तोल गेला." अंथरुणावरून मधल्याने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुन्हा मधाचा हंगाम आला. बाप धाकटीला म्हणाला, "आता तू उतर. दोर थोरला धरेल."

"बाबा, त्याने आज सकाळीच अफूची गोळी घेतलीय."

"आपण विश्वास टाकला की नाद सोडेल तो."

"मग तुम्ही उतरा."

तिथेच बसलेला चुलता खेकसला, "जीभ बघा केवढी! भावापेक्षा जीव प्यारा झाला होय गं?"

"काका, मधल्या दादालाही हेच विचारलं होतंत का?"

आई रडू लागली. "तू नाही म्हणालीस तर त्याचं मन मोडेल. आणखी घेईल तो."

"तो माझ्यामुळे घेत नाही, आई. त्याला वैद्याकडे न्या, मी सोबत येईन. त्याची उलटी काढीन, उशाशी बसेन. पण तो दोर मी कमरेला बांधणार नाही. आणि मधल्या दादाचा तोल गेला नव्हता, हे आज गावात सांगणार."

थोरला कोपऱ्यात पेंगत होता. बापाने त्याच्याकडे पाहिलं, मग आईने, मग चुलत्याने. धाकटी उठली आणि चावडीकडे निघाली.

यातलं तात्पर्य एवढंच: व्यसनात बुडालेल्या लेकरावर माया जरूर करावी, पण तिची किंमत बाकीच्या लेकरांकडून वसूल करू नये.