हातावरचं दही

"पण थांबायचं कशासाठी, अण्णा?"

अण्णा दुधात करंगळी बुडवून ते किती कोमट आहे याचा अंदाज घेत होते.

शर्वरीने गुंडाळी होऊ पाहणारा नकाशा पुन्हा सरळ केला आणि त्याच्या कोपऱ्यावर चहाचा पेला ठेवला. बेत तिने तिसऱ्यांदा सांगितला. आठवड्याच्या शेवटी ढग येणार, असा हवामानाचा अंदाज होता. म्हणून मधला मुक्काम गाळायचा, पहिल्याच दिवशी वरच्या तळावर पोचायचं आणि आभाळ उघडं आहे तोवर शिखर गाठून यायचं. उद्या पहाटे निघालं तर हे सगळं जमत होतं.

अण्णांनी चमचाभर विरजण दुधात सोडलं, भांडं दोन-तीनदा हलकेच कलतं केलं आणि झाकण ठेवलं.

"दही लागलं की निघा," ते म्हणाले.

दामूअण्णा मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी सह्याद्रीतले कडे चढून पोट भरेना, म्हणून हिमालय बघायला आले आणि इथलेच झाले. जिथे गाडीरस्ता संपतो त्या शेवटच्या गावात त्यांचं दगडी घर होतं. डोंगरावर माणसं न्यायला शिकलेली कितीतरी मंडळी याच घरात घडली. अण्णा प्रमाणपत्र वगैरे देत नसत. तुकडी निघाली की तिच्या म्होरक्याच्या हातावर स्वतः लावलेलं दही ठेवत, बस्स. ज्याच्या हातावर दही पडलं, तो अण्णांचा माणूस.

शर्वरीने इतकी वर्षं दुसऱ्या म्होरक्यांचे दोर वाहिले होते आणि दर वेळी दही दुसऱ्याच्या हातावर पडताना पाहिलं होतं. आपल्या हातावर ते कधी पडेल, हा एकच घोर तिला होता. या वर्षी पहिल्यांदा तुकडी तिची होती. आणि आता गाडं अडलं होतं ते कशावर, तर दुधावर.

"तुझ्या त्या कुमुदताई... काल जेवल्या का?" अण्णांनी विचारलं.

कुमुदताई तुकडीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर इतर बायका तीर्थयात्रेला जातात, त्या मात्र या शिखराचा फोटो देवघराशेजारी लावून बसल्या होत्या.

"प्रवासाने दमल्यात थोड्या. बाकी सगळे ठणठणीत आहेत, अण्णा."

अण्णांनी भांड्याभोवती जुनं घोंगडं गुंडाळलं. एखाद्या तापकरी माणसाला पांघरूण घालावं तसं चारी बाजूंनी दाबून बसवलं आणि ते गाईकडे निघून गेले.

त्या थंडीत दही लागायचं म्हणजे काही खरं नव्हतं. दुपारी शर्वरीने घोंगडं सोडून झाकण उघडलं. दूधच होतं. तासाभराने पुन्हा उघडलं. मग बोटाने हलवून पाहिलं. मग पुन्हा. अण्णा समोरच धान्य निवडत बसले होते.

संध्याकाळी ते देवळात गेल्याचं पाहून तिने भांडं उचललं आणि वर चुलीच्या कट्ट्यावर, निखाऱ्यांना अगदी खेटून ठेवलं. ऊब मिळाली की लवकर लागेल, एवढा साधा हिशेब. डोंगर चढणारी मुलगी, पण विरजणाच्या बाबतीत अगदीच कच्ची.

सकाळी अण्णांनी झाकण काढलं. खाली फुटलेला चोथा होता, वर हिरवट पाणी.

शर्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून ती म्हणाली, "मी फक्त... जरा वर सरकवलं होतं."

"हं," अण्णा म्हणाले. "जरा लवकर वर गेलं."

त्यांनी चोथा फडक्यात गाळून बाजूला ठेवला. गाईचं ताजं दूध आणलं, तापवलं, कोमट होईपर्यंत वाट पाहत बसले. सगळं पहिल्यापासून.

त्या दिवशी शर्वरीने भांड्याला हात लावला नाही. करायला काही नव्हतं, म्हणून तुकडीला घेऊन मागच्या टेकडीवर जाऊन आली. परत आल्यावरही करायला काही नव्हतं, म्हणून ती अंगणाच्या कठड्यावर बसून आपल्या माणसांकडे बघत राहिली. बेत आखण्याच्या नादात तिने त्यांना असं स्वस्थ बसून पाहिलंच नव्हतं.

कुमुदताई बुटांची नाडी बांधायला वाकल्या आणि वाकलेल्या तशाच थांबल्या. कपाळ धरून हळूहळू सरळ झाल्या. आजूबाजूला कोणी पाहिलं नाही ना, हे त्यांनी पाहिलं, आणि नाडी तशीच खोचून टाकली.

शर्वरी जवळ जाऊन बसली.

"डोकं कधीपासून दुखतंय, ताई?"

"छे गं. उन्हाने असेल."

"ताई..."

कुमुदताईंचे डोळे भरून आले. या गावात पाऊल टाकल्यापासून डोकं दुखत होतं. दोन्ही रात्री झोप नव्हती, खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. एकदा सांगितलं की आपल्याला मागे ठेवणार, या भीतीने त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं.

"माझ्यापायी तुझा बेत मोडू नकोस," त्या म्हणाल्या. "मी येईन रेटत. मागून मागून येईन."

विरळ हवा बाधल्याची हीच लक्षणं, आणि अशा माणसाला आणखी वर नेणं म्हणजे जिवाशी खेळ, हे शर्वरीला पक्कं माहीत होतं. गाळलेल्या मुक्कामानंतरची ती उभी चढण तिला डोळ्यांसमोर दिसली, आणि त्या चढणीवर मागून मागून येणाऱ्या कुमुदताईही दिसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. शिखर हाताला लागेल इतकं जवळ वाटत होतं, आणि ढगांचा तर मागमूस नव्हता. तुकडीतले बाकीचे दोघे पाठीवर सॅक चढवून तयार होते. अण्णांनी घोंगडं सोडलं, झाकण काढलं.

दही लागलं होतं. चमचा उभा राहावा असं घट्ट.

कुमुदताईंची डोकेदुखी मात्र उतरली नव्हती. आता तर दाराच्या चौकटीला धरून त्या उभ्या होत्या आणि तरीही आपण बऱ्या आहोत असं सांगत होत्या.

शर्वरीने शिखराकडे एकदा पाहिलं. मग नकाशाची घडी घालून ती सॅकमध्ये अगदी तळाशी कोंबली. कुमुदताईंना ती स्वतः खाली नेणार होती, आणि तिच्याशिवाय इतरांनी वर जायचं नव्हतं. हे तिने तिघांनाही सांगितलं. दोघे चिडले. सुट्ट्यांचं काय, इतक्या लांब येऊन हात हलवत परत जायचं का, असं बरंच बोलले. कुमुदताई नुसत्या रडल्या. शर्वरीने सगळं ऐकून घेतलं आणि कुमुदताईंची सॅक आपल्या सॅकवर बांधली.

मग ती अण्णांच्या पाया पडायला आत गेली. डोळे वर करायचं तिला धाडस होत नव्हतं. इतक्या वर्षांची वाट, आणि ती अशी संपली.

"हात पुढे कर," अण्णा म्हणाले.

तिला वाटलं, आपलं सांगायचं राहिलं.

"अण्णा, आम्ही वर नाही चाललो. खाली चाललोय."

अण्णांनी तिचा उजवा हात धरला, तळवा उलगडला आणि त्यावर चमचाभर दही ठेवलं. थंडगार दही. ते घरंगळू नये म्हणून तिची बोटं त्यांनी आपल्या हाताने मिटली.

"माहीत आहे..." ते म्हणाले. "वर न्यायला नुसती हौस पुरते."