भिंतीवरच्या चिठ्ठ्या

एका गावात, टेकडीच्या माथ्यावर, एक कचेरी होती. संगणकाला कामं शिकवणारी माणसं तिथं बसत. सकाळी खिडक्यांतून धुकं आत यायचं आणि माणसं कापसात बसल्यासारखी दिसायची. खाली नदी होती. उन्हाळ्यात तिच्या कोरड्या वाळूत बायका कलिंगडं लावत. वर धरण होतं. त्याचे दरवाजे उघडायच्या आधी या बायकांना फोनवर खबर मिळावी, असं काम कचेरीकडे आलं होतं.

ते कसं करावं हे शिकवायला वत्सलाबाई आल्या. त्यांचं शिकवणं सरळ होतं. थोडं करा, ज्याच्यासाठी केलं त्याला दाखवा, चुकलं ते सुधारा, मग पुढचं घ्या. रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि आपलं कुठं अडलंय ते सांगायचं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्यांच्या तीन रांगा: करायचं, चाललंय, झालं.

पहिल्याच आठवड्यात हेमांगी नावाची मुलगी म्हणाली की तिचं अडलंय. त्या दिवशी नेमके कचेरीचे मालक बघायला आलेले. वत्सलाबाईंना कमीपणा वाटला.

"सगळ्यांचं पुढं चाललंय, तुझंच बरं अडतं गं," असं म्हणून त्या हसल्या. मग सगळेच हसले.

त्या दिवसापासून कुणाचंच काही अडेना. चिठ्ठ्या वाऱ्यानं हलल्यासारख्या अलगद 'झालं'कडे सरकू लागल्या. भिंत फुलांच्या ताटव्यासारखी दिसे. वत्सलाबाई तिच्याकडे बघत बसत, आणि डोळे मिटले तरी त्यांना तेच रंग दिसत. दर पंधरवड्याला काम दाखवायचं ते मालकांना, खुर्चीत बसवून, चहा देऊन. मालक खूश. बाईंना आणखी दहा कचेऱ्यांत शिकवायला पाठवायचं त्यांनी नक्की केलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंना वाटलं, आपलं काम एकदा नदीत उभं राहून बघावं. हेमांगीला घेऊन त्या खाली उतरल्या. वाळू चांदीसारखी पसरली होती, वेल झोपल्यासारखे पडले होते. शेवंता नावाची बाई त्यांना पाणी घालत होती. हेमांगीनं खबर धाडली. शेवंताचा फोन काठीला टांगलेल्या पिशवीत होता. तो पिशवीतल्या पिशवीत उजळला आणि विझला. शेवंता पाणी घालतच राहिली.

बाईंनी तिला फोन काढून बघायला लावला.

"मला कुठं वाचाया येतंय, ताई," शेवंता म्हणाली. "आन् हात चिखलात असल्यावर बघू कधी? भोंगा वाजवा म्हणून या पोरीला कवाच सांगितलंय."

मग तू मला का नाही सांगितलंस, असं बाईंनी हेमांगीला विचारलं.

"सांगत होते, बाई. तुम्ही हसलात."

टेकडी चढताना बाई मनाशी हिशेब मांडत होत्या. बोललं तर दहा कचेऱ्या गेल्या, नावही गेलं. गप्प राहिलं तर पाणी येईपर्यंत कुणाला कळणार नव्हतं.

सकाळी मालक शाल-नारळ घेऊन हजर. बाई गोलात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या आधी स्वतः बोलल्या. "माझं अडलंय. नदीतल्या बाईला आपली खबर पोचत नाही. ही पोरगी ते सांगायला लागली, तेव्हा मीच तिला गप्प केलं." मग त्यांनी 'झालं'मधल्या चिठ्ठ्या उतरवल्या आणि 'करायचं'मध्ये लावल्या.

मालक शाल-नारळासकट परत गेले. दहा कचेऱ्यांचं नाव पुन्हा निघालं नाही. गोल मात्र तसाच उभा होता. मग एकजण म्हणाला, माझंही अडलंय. मग दुसरी म्हणाली. दुपारपर्यंत तो गोल मोडलाच नाही.

वैशाखात धरणाचे दरवाजे उघडले. त्याच्या तासभर आधी सगळ्या नदीत भोंगा घुमला. बायका पोरं काखोटीला मारून काठावर चढल्या. कलिंगडं हिरव्या दिव्यांसारखी तरंगत लांब निघून गेली. शेवंता काठावर उभी राहून पाण्याला शिव्या घालत होती. शिव्या घालायला जिवंत होती.

तात्पर्य: अडलंय म्हणणाऱ्याला जिथं हसतात, तिथं काम फक्त भिंतीवर पुरं होतं. दुसऱ्याला शिकवायचं असेल, तर आधी आपलं चुकलेलं चारचौघांत बोलून दाखवावं.